रातांब्याची बी

हर्णै बंदरात, सोसायटीच्या माडीवर
माझी ड्यूटी संध्याकाळी सात ते पहाटे तीन.
टेबलावर वायरलेस, डबा, बोटींची वही.
खिडकीत दिवसा सुवर्णदुर्ग असतो म्हणे.
मी रात्रीची माणूस, मला फक्त आवाज.

नाव सांगण्याआधी माणूस श्वास घेतो ना,
तेवढ्यावर कळतं.
इब्राहिम होडेकर दोनदा खाकरतो,
पाजचा नामा पावसे 'हॅलो'तला ह गिळून टाकतो.
पण नेपाळी खलाशी बोलायला लागले
की सगळे एकाच गळ्याचे.
हे मी कोणाला सांगितलं नाही.
वहीत लिहायची: नेपाळी, बोट विचारणे.

लाहुराम चौधरी, जिल्हा कैलाली,
डिझेलच्या पावत्या घेऊन वर आला आणि म्हणाला,
"पहिले तीन महिने, ताई, तुम्ही सगले सारखेच बोलत होते.
तांडेल कोण, लिलाववाला कोण, काही कलत नव्हतं."
मला बरं वाटलं.
बहिरेपण दोन्हीकडून होतं तर.

मग वैशाखभर दुरुस्ती.
काल. काळ.
वेल. वेळ.
"एकच तर आहे," तो म्हणायचा, अगदी प्रामाणिकपणे,
माझ्या ओठांकडे बघत.
ओठांत काय असणार? ळ तिथं राहत नाही.
रातांब्याची बी दिली त्याला:
टाळूला चिकटव, जीभ मागे वळव, ढकल.
बी गिळली त्याने.
दुसरी दिली.
चिंचेत दोन च, एक अलीकडचा, एक पलीकडचा,
हे त्याला सांगताना मलाच कळलं.
जन्मभर खाल्ली होती, ऐकली नव्हती.

जूनमध्ये बोटी शाकारल्या, तो गावी गेला.
परत कधी आला, कळलं नाही.

आश्विनातली रात्र. दीड वाजलेला.
"जाळं अडकलंय पंख्यात. इंजिन बंद.
अंजर्ल्यासमोर, पंधरा वाव पाणी."
स्वच्छ आवाज. नव्या कापडासारखा कोरा.
मी पेन धरून बसले.
कोण?
नुसती खरखर.
"जाळं, ताई. जाळं."
पाजच्या म्हातारीनं मान डोलवावी असा ळ,
आणि मला माणूस सापडेना.
"कोण बोलतंय? बोटीचं नाव सांगा."
आवाज तुटला, परत आला, पुन्हा तुटला.
जरा वेळ काहीच नाही.
मग हळू, जुन्या कपड्यात शिरल्यासारखा:
"जाल," तो म्हणाला. "ताई, जाल."

लाहुराम. भाग्यरेखा.
होडेकरला तिकडे वळवलं.
चार वाजता दोरी लावून आणली त्यांना,
मी घरी गेले नव्हते.

त्याने मला काही विचारलं नाही. मीही नाही.
टेबलाच्या खणात थोड्या बिया उरल्यात, सुकून हलक्या झालेल्या.
चॅनल शांत असला की कधी एक तोंडात ठेवते, टाळूपाशी,
आणि म्हणून बघते
कैलाली,
बी न हलवता.