डावी पेटी

नोव्हेंबर ते मार्च स्वयंपाकघरातलं टेबल एस्किलचं.
टपालानं आलेलं किट : बर्चचं प्लायवूड,
तांब्याच्या तारेची वेटोळी, नकाशा.
बिर्ता उभ्यानंच जेवायची.

जावयानं कोपनहेगनहून तयार जोडी आणली,
काळी, गुळगुळीत,
खोक्यातून काढली की गाणारी.
छान आहे, एस्किल म्हणाला.
खरंच छान होती.

त्याची डावी पेटी मात्र
चेलोच्या खालच्या सुरावर किंचित कुरकुरते.
कुठे, ते त्याला ठाऊक आहे :
मागच्या कोपऱ्यात. सरस ओला होता,
इस्पितळातून बिर्तासाठी फोन आला,
क्लॅम्प आवळायचा राहून गेला.

उघडून नीट करतो, तो म्हणतो दर रविवारी.
राहू दे, ती म्हणते.

चेलो खाली उतरू लागला
की दोघंही हातातलं काम थांबवतात.