दक्षिणेकडे जाताना

ॲस्टोरियाचा पूल ओलांडला तसा
वडिलांनी सीटबेल्ट दोनदा चाचपला
आणि म्हणाले, ही बाजू माझी नव्हे.

नव्हतीच.
चोवीस उन्हाळे ही घरगाडी त्यांनी हाकली
ऑरेगनच्या किनाऱ्यानं, खाली खाली,
आणि दक्षिणेकडे जाताना समुद्र उजवीकडे असतो,
शेजारी बसणाऱ्याच्या वाट्याला.
तिथे आई बसायची. पाय डॅशबोर्डवर,
मांडीवर चेरींची पिशवी, बिया खिडकीबाहेर.
ती सांगायची : आज शिशासारखा आहे.
आज ताकासारखा.
आता काही नाही, नुसतं धुकं, तू रस्ता बघ.
(परतताना ते आतल्या हायवेनं यायचे.
सोमवारी लाकडाची मिल असायची.)

आता स्टिअरिंग माझ्याकडे.
मार्चमध्ये डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावलं :
नजरेचा मधला भाग गेलाय, कडा शाबूत आहेत.
जे बघायला जाल तेच नेमकं पुसलं जाईल.
म्हणजे ओंडका आतून पोकळ, वडील म्हणाले,
आणि घरी येऊन लायसन्स टेबलावर ठेवलं,
पालथं.

मागे टेगन आणि ह्यूगो वरच्या बंकसाठी भांडतायत.
कोरी फ्रिजचं दार पायानं दाबून बसलाय,
कडी तुटली ती मॅन्झनिटाच्या अलीकडेच.
वळण आलं की भांडी आधी बोलतात,
मग आम्ही.

केप लुकआउटला बी-सतरा नंबरची जागा.
चाकाखाली फळ्या सारल्या तरी गाडी कललेलीच.
ह्यूगोनं फरशीवर गोटी सोडली.
ती कपाटापर्यंत घरंगळत गेली, टक्क.
वडील बाहेर खुर्चीत, डोळे मिटून :
अजून एक फळी. पातळ. मागच्या चाकाला.
पुन्हा गोटी सोडली. आवाजच आला नाही.

रात्री रकूननं पावांचं अख्खं पाकीट नेलं.
सकाळी सांडपाण्याचा पाईप कोरीच्या हातून निसटला,
त्याबद्दल इथे काही लिहीत नाही.

ओहोटीला खडकांत एक मुलगी उभी,
पार्कची टोपी, गमबूट, नाक सोललेलं.
तारामासे परत येऊ लागलेत, म्हणाली,
जणू तिनंच बोलावून आणलेत.
एकच बोट लावा. आधी ओलं करा.
वडील कष्टानं वाकले, गुडघे कुरकुरले,
आणि समुद्रफुलात बोट घातलं.
त्यानं ते धरलं.
बराच वेळ ते तसेच वाकलेले.
दुखतंय का, मी विचारलं.
नाही, म्हणाले. हे सोडत नाहीये.
पण बोट ओढून घेतलं नाही त्यांनी.

याहाट्सच्या पुढे रस्ता कड्याला नखांनी धरून चालतो.
एका बाजूला दगड, दुसऱ्या बाजूला काहीच नाही,
आणि मी पाहते तर वडील समोर बघतायत,
थेट डांबराकडे, हनुवटी जराशी पुढे,
दोन्ही हात मांडीवर, दहा वाजून दहा मिनिटांच्या घड्याळासारखे.

बाबा, मी म्हटलं, समुद्र तिकडे आहे.
या वेळी सगळा तुमचाच.

ठाऊक आहे, म्हणाले.
तिकडे पाहिलं की तो जातो.
रस्त्याकडे पाहिलं की कडेला येऊन बसतो.
मला रस्त्याकडे बघायची सवय आहे.

फ्रिजचं दार उघडलं, एक मोसंबं
सगळ्या गाडीभर फिरून माझ्या टाचेशी आलं.
कुणी उचललं नाही.

टेगननं विचारलं, आजोबा, कसा आहे आज?

त्यांनी वेळ घेतला.
मान हलवली नाही.
हिरवट, म्हणाले. म्हणजे वर्नाचा तो स्वेटर होता ना,
कोपरावर विरलेला,
तसा. खडकांपाशी विरलेला.

खरं होतं का, ते मला माहीत नाही.
पुढे वळण होतं, मागे लाकडांनी लादलेला ट्रक,
आणि मी काचेकडे मान वळवणार इतक्यात
ते म्हणाले,
तू रस्ता बघ.