नाव घेणं

अडीच वाजता जाग येते, अजून.
गजर मी फेब्रुवारीतच बंद केला,
पण गजराच्या आधी उठायची सवय
कुठल्या बटणानं बंद होते, ते कुणी सांगितलं नाही.

अडीचला चहा टाकायचा, भाकरी फडक्यात बांधायची.
खाली टेम्पोनं दोनदा हॉर्न दिला
की हे आकडा खांद्याला अडकवून जिना उतरायचे.
चौतीस वर्षं.
कोपरखैरण्यात आलो तेव्हा रात्री
घराच्या मागं बेडूक ओरडायचे,
खाजणावर नुकताच भराव पडलेला.

आता टेम्पो एकदाच हॉर्न देतो,
वरच्या मजल्यावरच्या पोरासाठी.
तो उशीर करत नाही. हे करायचे.

मार्केटात गोण्या उचलणाऱ्याच्या घरात
कांदा विकत आणत नाहीत.
फुटक्या गोणीतला, सांडलेला, हे पिशवीतून आणायचे.
शर्ट भिजवला की बादलीत
गुलाबी पापुद्रे तरंगायचे.
मागच्या महिन्यात गाडीवर पहिल्यांदा विचारलं,
कांदा कसा दिला?
त्यानं सांगितलं, आणि मी तिथंच उभी.
ज्याचं वजन मला ठाऊक होतं,
रात्री तेल चोळताना मानेवरच्या घट्ट्यात
रोज हाताला लागायचं,
त्याचा भाव मला माहीत नव्हता.
अर्धा किलो घेतले. घरी येऊन मोजले. सात.
सात कांदे अकरा दिवस पुरले.

ह्यांचं नाव मी जन्मात तीनदा घेतलेलं.
लग्नात, डोहाळजेवणाला,
आणि एकदा नणंदेनं दार अडवलं तेव्हा.
तेही यमकात लपवून,
तोंडाला पदर लावून.
मग मार्चपासून माथाडी बोर्डात, बँकेत,
रेशनला, वीजबिलाच्या ऑफिसात,
खिडकी बदलायची, प्रश्न तोच:
मयताचं नाव?
पहिल्यांदा मी गप्पच. मागची रांग खोकली.
मावशी, नाव सांगा ना.
हणमंत.
पूर्ण?
हणमंत ज्ञानू शेलार.
पोरीनं टाइप करता करता ते मोठ्यानं वाचलं,
आणि मला वाटलं, एवढंच?
एवढ्या माणसाचं नाव एवढंसं,
एका बोटानं टिपता येणारं?
सातव्या खिडकीपर्यंत माझी जीभ सरावली.
त्याचीच जास्त लाज वाटली.

मुलगा चाकणहून दर रविवारी फोन करतो,
आई, इकडं ये, मन रमेल.
मी जेवलास का विचारते.
भजनाला दोन गुरुवार गेले.
बायका माझ्याकडं बघून हळू आवाजात गायला लागल्या,
जणू मी आजारी आहे.
तिसऱ्या गुरुवारी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.
डोकं काही दुखत नव्हतं.

काल अडीचला एकाच कपाचा चहा टाकला.
दूध कमी, पाणी कमी,
एवढ्याशा चहाला पातेलंच मोठं पडतं.
आणि का कोण जाणे, नाव घेतलं.
यमक नाही, खिडकी नाही, अर्ज नाही.
हणमंत.
मग जरा मोठ्यानं. हणमंत.
अर्ध्यातच घसा बसला, तरी घेतलं.

भिंतीवर पलीकडून थाप.
शेवंताबाई. तिलाही झोप नसते,
दमा आहे, आणि सहा वर्षांपासून दुसरंही कारण आहे.
कोण आलंय गं एवढ्या रात्रीचं?
कुणी नाही. नाव घेत होते.
भिंत बराच वेळ गप्प.
मग श्वास ओढत ओढत तिकडून आलं,
आनंदा.
पाटीवर रोज वाचलेलं नाव,
तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

चहा उतू गेला. गॅस पुसून घेतला.
खाली टेम्पोनं हॉर्न दिला, एकदा.
आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलेल्या असणार,
ती तिकडून, मी इकडून.
ती म्हणाली, कांदा कितीला मिळाला गं तुला?
मी सांगितलं.
फसवलं तुला मेल्यानं, ती म्हणाली,
उद्या माझ्याबरोबर चल.