फेसाला दोन बोटं

जिन्याखालच्या कॅनमध्ये अठरा दिवस
कुणी झोपेत बोलावं तसं बुडूक-बुडूक चाललेलं.
मग पंधरा दिवस बाटल्यांत, पोत्याखाली, अंधारात.
बार्ली लक्ष्मीपुरीतली, काकवी साळोख्यांच्या गुऱ्हाळातली,
हॉप्स तेवढे पोस्टानं आले, वासाला कडुलिंबाचे चुलतभाऊ.
वत्सला म्हणाली, पोरं तापानं फणफणायची
तेव्हा एवढं जागला नाहीत.
आज पहिली बाटली उघडायची
आणि पेला ठरत नाही.

मी पॅटर्नमेकर. उद्यमनगरात एकतीस वर्षं
लाकडाचे पंप केले, लाकडाच्या पुली,
वाळूत दाबायच्या आणि अलगद उचलून घ्यायच्या.
मागं राहते ती पोकळी. तिच्यात लोखंड.
त्यामुळं भांडं दिसलं की डोळा आधी उतार बघतो:
बुडाशी अरुंद, तोंडाशी किंचित रुंद,
नाहीतर काढताना वाळू ढासळते.
सगळे ओट्यावर ओळीनं मांडले, परीक्षेला.

चहाच्या गाड्यावरचा काचेचा. उतार झकास,
पण दोन घोटांत तळ.

पेठेच्या संघाचा उपविजेता कप, एकोणनव्वदचा,
दोन कान, मुलामा उडालेला.
तोंडाला लावला की पितळेची चव येते
आणि बारवरून गेलेली पेनल्टी.
ती मीच मारलेली.

लेकानं पाठवलेला मग. त्यावर नातीचा फोटो,
खालचे दोन दात नुकते आलेले.
तिच्यादेखत? नको.

तांब्याच्या भांड्याला आंबट चालत नाही.
लोणच्याची बरणी वत्सलानं दिलीच नाही.

मग मीच एक केला. फणसाच्या लाकडाचा, लेथवर,
वर चपड्याचे तीन हात,
कान असा की चारी बोटं आरामात बसावीत.
जन्मभर लाकूड घडवलं ते बाहेर पोकळी राहावी म्हणून,
पोटात पोकळी असलेलं हे पहिलंच.
रात्री पाणी भरून ठेवलं.
सकाळी पाणी ओट्यावर, मग कोरडा.
लाकडाचं तरी काय चुकलं,
धरून ठेवायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

साडेसातला जोतिराम आला. मोल्डर.
उजव्या हाताची दोन बोटं
ब्याण्णव साली वाळूच्या मिलनं ठेवून घेतलेली.
"परदर्शन हाय व्हय?" म्हणाला.
फणसाचा मग उचलून हुंगला. "चपडा दारूत इरघळतो,
तुला सांगाय पायजे का रं? पालिश पिऊन मरशील."
आणि मांडणीत हात घालून, डब्यांच्या मागनं,
त्यानं आबांचा पेला काढला.

स्टीलचा. पोटाला एक पोचा.
तो मी ओळीत घेतलाच नव्हता:
स्टीलमध्ये रंग दिसत नाही, बुडबुडे दिसत नाहीत,
काहीही ओता, औषध वाटतं.
जोतिरामची उरलेली बोटं त्या पोच्यात बसली
जणू त्याच हातावरनं साचा काढलेला.

हाच पेला घेऊन आबा मला गंगावेशीच्या कट्ट्यावर न्यायचे.
म्हशीची धार थेट आत, फेस काठाच्या वर.
"फेस आधी," म्हणायचे, "दूध कुठं पळून जातंय?"
घरी पोचेपर्यंत मिशी पुसायची नाही,
मला तेव्हा तेवढीच मिशी होती.

ओतताना माझा हात आपोआप तिरका झाला.
बीड थंड होताना आकसतं,
म्हणून आम्ही पॅटर्न फुटाला एक सूत मोठा धरतो.
इथं काठाखाली दोन बोटं सोडली.
नेमकी दोन. मोजून कळलं,
आणि मी त्याच्या हाताकडं बघितलं नाही.

त्यानं घोट घेतला. बराच वेळ काही बोलला नाही.
बाहेर कुणाचीतरी बुलेट चालू होईना.
"जरा कडू हाय," म्हणाला.
मग पेला पुढं केला. "पर वत की."

माझ्यासाठी गाड्यावरचा काचेचाच घेतला,
तीन वेळा भरला.
फणसाच्या मगात आता वत्सलाचे चमचे असतात.
जोतिराम नऊला उठला, चपला घातल्या,
मिशीवर फेस तसाच.
मी काही सांगितलं नाही.