सवलतीतला पिवळा

ग्रिम्सबीत लोखंड फार दिवस लोखंड राहत नाही.
हंबरवरून वारा मीठ घेऊन येतो,
कमी पडलं तर कौन्सिलची गाडी
नोव्हेंबरपासून रस्त्यावर टाकतेच.
एमओटीवाल्यानं चाक काढून दाखवलं.
ब्रेक शाबूत आहेत, म्हणाला, कॅलिपर तेवढे...
आणि शब्द न सापडून
त्यानं नखानं एक पापुद्रा उचलला,
माझ्या तळहातावर ठेवला.
करपलेला गूळ कढईच्या कडेला राहतो ना, तसा.

चौदा वर्षांची होंडा. वाटणीत आलेली.
घर, फ्रीज, मागची सफरचंदाची दोन झाडं
हेमांगच्या नावापुढे लिहिली गेली,
माझ्या नावापुढे एक नंबरप्लेट.
तिच्यासाठी कुणी भांडलं नव्हतं.
म्हणूनच असेल,
चाकाआड कुणाला न दिसणाऱ्या त्या चार जबड्यांवर
पैसे घालायचं मी ठरवलं.

नॉर्मन ब्लँचर्डची भट्टी
मासे धुरावण्याच्या जुन्या शेडमागे.
फाटकं, पलंग, कुणाच्या तरी जिन्याचा कठडा
आकड्यांना टांगलेले, आंघोळीची वाट बघत.
पावडरीचं मला अप्रूप नाही,
तेवीस वर्षं फार्मसीत उभी आहे मी,
कुठली गोळी कुठल्या पापुद्र्यात गुंडाळली की
पोटात कुठे विरघळते, हे पाठ आहे.
पण ही पावडर कोरडीच उडते
आणि नुसत्या विजेच्या ओढीनं धातूला बिलगते,
मेणाशिवाय कुंकू टिकावं तशी.
मग दोनशे अंश, वीस मिनिटं.
वितळते, एकजीव होते.
पुढची दहा वर्षं बघायला नको, नॉर्मन म्हणाला.

पण आधी सगळं सुटं करावं लागेल.
पिस्टन बाहेर, रबरी सील बाहेर,
नळ्यांतलं तेल काढून टाकायचं,
वाळूच्या माऱ्यानं उघड्या धातूपर्यंत जायचं.
आत रबर राहिलं तर भट्टीत जळतं.
दहा दिवस गाडी नाही.
दोनशे साठ पौंड, नवे सील वेगळे.

आणि टवका उडाला तर?

नॉर्मन खरा माणूस. हातमोजे काढून बोलला.
सहसा उडत नाही. उडालाच,
तर पाणी आतल्या आत सरकत जातं,
वरून चकचकीत असतं सगळं.
एक दिवस अख्खी साल हातात येते.

मी त्याला हेमांगबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

फ्रीमन स्ट्रीटच्या दुकानात लाल डबे संपले होते.
पिवळा होता, सवलतीत, अकरा पौंड.
दोन रविवार गेले.
जॅकवर गाडी, गुडघ्याखाली जुनी उशी,
तारेच्या ब्रशानं घासून घासून
नाकात, चहात, भुवयांत गंज.
निपलला टेप, रबराला टेप,
पहिला हात इतका पातळ की लाज वाटावी,
दुसरा, तिसरा.
शेजारचा कॉरी सायकल आडवी टाकून म्हणाला,
असा रंग जोरात पळणाऱ्या गाड्यांना असतो.
म्हटलं, ही थांबणारी आहे.

रंग टिकणार नाही, ठाऊक आहे मला.
ब्रेकच्या तेलाचा एक थेंब पुरतो,
शिवाय समुद्र आहेच.
आमच्याकडे पातेली दरवर्षी कल्हईला जायची,
चिंच आणि ताक त्यांना दरवर्षी खायचे,
त्याला आईनं कधी
पातेल्याचा दोष म्हटलं नाही.
कल्हईवाल्याचाही नाही.

डावीकडच्या मागच्या कॅलिपरवर
ब्रशाचा एक केस अडकून वाळलाय.
ओला असताना दिसला होता.
चिमटा आणायला उठलेही,
तेवढ्यात घरात फोन वाजला,
मग राहिलंच.
डबा अर्धा उरलाय.
झाकण हातोडीनं नीट ठोकून बसवलंय,
वर तारीख घातलीय, औषधाच्या बाटलीवर घालतो तशी.