एक रुपया

जालन्याच्या मिशन शाळेत आमच्या खिशावर
लॅटिनचे तीन शब्द होते,
वर क्रूस, खाली मेणबत्ती.
अर्थ कुणालाच माहीत नव्हता.
पहिला शब्द तेवढा वाचता यायचा,
म्हणून अख्खा बाजार म्हणायचा,
"आल्या बघा लक्सवाल्या."

खाजामियाँ टेलरकडची नमुन्याची चिठ्ठी
कधीचीच विरलेली.
शेवटच्या शब्दातला एक आय ते दरवर्षी विसरायचे.
कितीतरी बॅचेस
चुकीचं ब्रीद छातीवर घेऊन पास झाल्या.

साबणाचं नाव खिशावर
आणि अंघोळीला अर्धी बादली.
घाणेवाडीचं पाणी दहाव्या दिवशी, कधी बाराव्या.
सिस्टर फिलोमिना बादलीत बोट बुडवायच्या,
दुसऱ्या पेरापर्यंत. बस.

पहाटेच्या मिस्सेला
आम्ही बाकीच्या मुली मागच्या बाकावर,
ओठांवर प्रार्थना, मनात आवर्तसारणी.
सोडियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम,
आमेन.
आमेनची वेळ कधी चुकली नाही.

रात्री सात ते नऊ स्टडी.
सात दहाला लाइट जायची.
एकशे चाळीस मुली एकदम ओरडायच्या, "गेऽऽली!"
आणि अंधारातून सुवार्ताचा आवाज,
"वन रुपी ईच."

सुवार्ता दुशिंग, अंबडकडच्या कुठल्याशा वाडीची.
अकरावी सायन्सची कॅप्टन.
मराठी बोललं की रुपया,
तो बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात,
नाव वहीत, तिच्या बारीक उभ्या अक्षरात.
तिचं स्वतःचं नाव त्या वहीत नव्हतं.
झोपेतसुद्धा इंग्रजीच बोलते, मुली म्हणायच्या.
खोटं. माझी कॉट शेजारी होती.
झोपेत ती शेळ्या हाकायची.

डिसेंबरात तिची आई आली.
फाटकाशी उभी, पदरात मोसंब्या.
बागेतून तशीच आलेली, नखांत माती.
सुवार्ता बोलली नाही.
मान हलवली, हात हलवले, हसली.
आई म्हणाली, "घसा बसला का गं, माय?"

तेवढ्यात फादर व्हॅलेरियन आले.
मंगलोरचे. त्यांच्या मराठीत
पाणी तो होता आणि सूर्य ती.
सायकल भिंतीला टेकवून
अर्धा तास उभे राहिले उन्हात,
शेळी कसा आहे, मोसंबी किती पडला,
विचारत.
आईनं एकदाही हसू आणलं नाही तोंडावर.
शेळी चांगला आहे, म्हणाली.

नंतर त्यांनी सुवार्ताला हाक मारली,
डब्यात वीसची नोट टाकली.
"राइट माय नेम."
वहीत ते नाव आहे. मी पाहिलंय.
त्याच्याखाली तीन दिवस
दुसरं कुठलंच नाव नाही.

फेब्रुवारीत बोअर आटला.
प्रॅक्टिकल तोंडावर,
लॅबमधल्या ब्युरेट धुवायलाही पाणी नाही.
कुलथे सरांनी डबा टेबलावर उपडा केला,
नाणी मोजली सगळ्या वर्गानं मिळून.
सातशे अकरा.
टँकर साडेसहाशेला यायचा.

म्हणजे आमचं बोलणंच ते,
भांडणं, शिव्या, "ए, पेन दे ना,"
अंधारातलं ते एकसाथ "गेली,"
सगळं फिरून आलं
हिरव्या पाइपातून.

टँकरवाला फाटकावरची कमान बघत होता.
तिथं तेच तीन शब्द, दगडात, आय सकट.
"काय लिव्हलंय हो पोरींनो ह्ये?"
आम्ही सगळ्या गप्प.
रुपयाची सवय.

"अंधारात उजेड," सुवार्ता म्हणाली.
तिला माहीत होतं. इतके दिवस.

मग तिनं खिशात हात घातला,
नाणं काढलं, डबा शोधायला वळली.
डबा पाइपाच्या गळतीखाली होता,
कुणीतरी ठेवलेला,
काठोकाठ भरून वाहत.