बाटलीतली चाचणी

वीस वर्षं तासगावात औषधाचं दुकान चालवलं, द्राक्षाच्या.
गिऱ्हाईक आलं की आधी विचारायचो,
डावणी पानाच्या कुठल्या अंगाला?
मागच्या फवाऱ्यात काय मारलंस?
त्यानं पुन्हा तेच नाव घेतलं की म्हणायचो,
आता नको. रोग सरावलाय त्याला.
दोन मिसळून मार,
एक वरून धरणारं, एक आत शिरणारं.

पण आधी बाटलीत बघ.
विहिरीचंच पाणी घे, दोन्ही थोडं थोडं सोड,
हलव, पाव तास ठेव.
गाळ धरला, दूध नासल्यागत झालं,
तर पंपात घालू नको.
बागेवर चाचणी करत नसतात,
असं जिनपाल मगदूम सांगायचा.

आता मी मिरजेत, तिसऱ्या मजल्यावर,
खुर्ची नंबर दोन.
रक्ताला पहिलं औषध लागू पडलं सात महिने.
दुसरं, नऊ आठवडे.
डॉक्टर केरूर शब्द शोधत होते.
मीच म्हणालो, सरावलाय म्हणा.
ते हसले, मग हसू पुसून
अठरा पानं पुढं सरकवली.
दोन औषधं. सुटी सुटी जुनी, एकत्र नवी.
किती सोसतं ते अजून कुणाला ठाऊक नाही,
तिघातिघांनी एकेक पायरी चढायची.
अठरा पानांत 'बरा' हा शब्द कुठं सापडला नाही.
सही केली,
बिलावर करायचो तशीच, शेपटी ओढून.

आमच्यात दिवेलागणीनंतर जेवत नाहीत.
गोळी मात्र रात्री नऊला, भरल्या पोटी.
शगुफ्ता सिस्टरनं चार फोन केले
आणि वेळ सहावर आणली.
पद्मजा घड्याळ बघून भाकरी थापते.
पाणी गाळून पिणाऱ्या घरातला मी
विषं विकत आलो, परवान्यानं, पक्क्या पावतीनं.
हे तिनं कधी काढलं नाही.
आताही काढत नाही.
गोळ्यांचं पाकीट तेवढं
देव्हाऱ्याकडं पाठ करून ठेवते.

खुर्ची तीनवर संभा बाबर, विट्याचा,
भटिंड्यात गलाई करून परतलेला.
बोटांची टोकं तेजाबानं पिवळी.
म्हणाला, सोनं एका तेजाबाला हसतं, आण्णा.
दुसऱ्यालाबी हसतं.
दोन्ही एकात वता,
साखरेगत इरघळतंय.
मी म्हणालो, आणि भांडं?
संभा सलाईनच्या थेंबांकडं बघत राहिला.
भांडं चांगलं पायजे, म्हणाला.

दुसऱ्या फेरीत भांडं तडकलं.
आधी ताप, मग डोळे पिवळे,
मग खुर्चीवर नवी चादर.
सिस्टर बोलली नाही, नियम आहे.
फक्त सोमवारी माझ्या पाकिटात
तीनच्या दोन गोळ्या झालेल्या,
आणि सहीला एक नवा कागद:
सहभागी शून्य सातच्या अनुभवावरून मात्रा कमी.
शून्य सात.
त्याला आई नावानं हाक मारायची, फोनवर,
अख्खा वॉर्ड ऐकायचा.

उधारीच्या वह्या मी तोंडपाठ ठेवल्यात.
कुणाचं किती, कुठल्या हंगामाचं.
ही एक गोळी, जी संभानं
माझ्या हातातनं काढून घेतली,
ती जमेला धरू की नावे टाकू,
कळत नाही.

गुरुवारी कमरेच्या हाडातनं मज्जा काढली.
निकालाला आठ दिवस.
काल सावळजहून झांबऱ्यांच्या अर्जुनचा फोन,
डावणी हटत नाही, काय मारू?
सवयीनं सांगत गेलो,
कुठलं आधी, कुठलं मागनं, किती लिटरला किती.
बाटलीत बघितलंस?
हातातच आहे, म्हणाला, आत्ता हलवलीय.
मग उजेडात ठेव. हात लावू नको.

फोन दोघांनीही ठेवला नाही.
तिकडं ब्लोअर बंद, कुठंतरी टिटवी.
इकडं खिडकीत मी, दंडावर कापूस धरून.
आण्णा, तो म्हणाला, अजून तरी पाणी निवळ दिसतंय.
किती झाली?
पाच मिनिटं.
थांब, म्हणालो.
अजून थांब.